गरिबी आणि शाळा: संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, पालक, समाजकार्याचे विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य आणि अधूनमधून पत्रकार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारताबद्दल आहेत आणि जिथे जमलं तिथे महाराष्ट्राबद्दल. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे तसं सांगितलं आहे.

१. गरीब कोण, हे नक्की ठरवतं कोण?

वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या समित्यांनी ते ठरवलं. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च हा पाया धरला. त्यावरून १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा त्यांनी मांडली. पुढे तेंडुलकर समितीने २००९ मध्ये फक्त उष्मांकांवर विसंबणं सोडलं आणि शिक्षण-आरोग्याचा खर्चही हिशोबात घेतला. तिच्या पद्धतीने २०११-१२ ची रेषा खेड्यात दरमहा ८१६ आणि शहरात १,००० रुपये होती. त्या रेषेखाली देशातले २१.९ टक्के लोक येत होते. एवढ्या कमी रकमेवर ओरड झाली, म्हणून रंगराजन समिती नेमली गेली. तिने २०१४ मध्ये रेषा ९७२ आणि १,४०७ रुपयांवर नेली, आणि त्याच वर्षाच्या त्याच देशात गरिबांचं प्रमाण २९.५ टक्के झालं.

एकाही माणसाच्या घरात काही बदललं नव्हतं. बदलली होती ती रेषा. रंगराजन समितीची रेषा सरकारने अधिकृतपणे स्वीकारली नाही, त्यामुळे या पद्धतीचा शेवटचा अधिकृत आकडा अजूनही २०११-१२ चाच आहे.

२. मग हल्ली बातम्यांत कधी ११ टक्के, कधी ५ टक्के असं का येतं?

कारण दोन्ही ठिकाणी मोजलेली गोष्टच वेगळी आहे. ११.२८ टक्के हा नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीचा २०२२-२३ चा आकडा. यात खर्च विचारतच नाहीत. पोषण, शाळेत हजेरी, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, बँक खातं अशी १२ लक्षणं बघतात. प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे वजन देऊन त्यातल्या एक तृतीयांश किंवा जास्त गोष्टी नसतील, तर ते घर गरीब धरलं जातं. ५.३ टक्के हा जागतिक बँकेचा आकडा. तो दिवसाला ३ डॉलर खर्चाच्या रेषेवर बसवलेला आहे, आणि डॉलर बाजारभावाने नाही तर क्रयशक्तीने, म्हणजे तेवढ्यात इथे किती वस्तू येतात त्यावरून, मोजलेला आहे.

नीती आयोगाच्या आकड्याबद्दल एक खबरदारी घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची शेवटची प्रत्यक्ष माहिती २०१९-२१ ची होती आणि तिच्यावर १४.९६ टक्के हा आकडा निघाला होता. ११.२८ हा त्याआधीच्या घसरणीचा वेग पुढे ओढून काढलेला अंदाज आहे. २०२०-२१ मध्ये शाळा बंद होत्या आणि लोक पायी गावाकडे चालले होते, तेव्हाही तोच वेग टिकला असेल हे त्यात गृहीत धरलं आहे. मला हे गृहीतक पटत नाही. गरिबी दीर्घकाळात कमी झाली आहे याबद्दल मात्र शंका नाही.

३. या बहुआयामी मोजणीत शिक्षण म्हणजे काय धरतात?

दोनच गोष्टी. घरात १० वर्षांवरच्या एकाने तरी सहा वर्षं शाळा पूर्ण केली आहे का, आणि आठवीपर्यंतच्या वयाचं एखादं मूल शाळेबाहेर आहे का. मुलाला वाचता येतं का, हे कोणी विचारत नाही. ते का महत्त्वाचं, हे प्रश्न ६ मध्ये आहे.

४. आमच्याकडे पिवळं रेशनकार्ड आहे. म्हणजे संशोधकांच्या हिशोबातही आम्ही गरीबच ना?

असेलच असं नाही. रेशनकार्ड मिळतं उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि ठरवून दिलेल्या इष्टांकात, म्हणजे संख्येच्या मर्यादेत. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य गटासाठी खेड्यात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ही उत्पन्नमर्यादा ठेवली गेली. सर्वेक्षणवाला कार्डाच्या रंगावरून काही ठरवत नाही. तो विचारतो, गेल्या सात दिवसांत गोडं तेल किती लागलं, गेल्या महिन्यात विजेचं बिल किती आलं. त्यातून खर्च काढतो आणि खर्चावरून घर कुठे बसतं ते बघतो.

म्हणूनच केशरी कार्डवालं घर अभ्यासात गरीब निघतं आणि पिवळ्या कार्डवालं कधी कधी निघत नाही. सगळ्यात वाईट अवस्था तिसऱ्याची असते. ज्याच्याकडे कार्डच नाही, कारण तो वर्षातले सहा महिने गावात नसतो. असे लोक योजनेतूनही सुटतात आणि बऱ्याचदा अभ्यासातूनही. त्यांच्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

५. सरकारी शाळा मोफत आहे. पुस्तकं मिळतात, जेवण मिळतं. मग गरिबीमुळे शिक्षण थांबतं, हे अजून का सांगता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा मनापासून विचारलेला असतो.

पहिली गोष्ट म्हणजे, मोफत म्हणजे बिनखर्चाची नाही. २०२५ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने शिक्षणावरचा खर्च मोजला, तेव्हा सरकारी शाळेतल्या मुलामागे वर्षाला सरासरी २,८६३ रुपये निघाले. सरकारी नसलेल्या शाळांत तोच आकडा २५,००२ रुपये होता. २,८६३ मध्ये फी अगदी थोडी. बाकी वह्या, गणवेश, दप्तर, जाण्यायेण्याचा खर्च. दोन शाळकरी मुलं असलेल्या मजुरी करणाऱ्या घराला जून महिन्यात हे पैसे एकदम काढावे लागतात. नेमका तेव्हाच बी-बियाण्याचाही खर्च असतो. वर्षाच्या सरासरीत जून महिना दिसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाचा वेळ. सातवीतली मुलगी घरी राहिली तर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, आणि आईला पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. घर तो रोज मोजतं. बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात मदत करायला परवानगी दिली. शाळेची वेळ सोडून म्हणजे नेमकं किती तास, हे खेड्यात कोण बघणार?

तिसरी गोष्ट वयाची. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांपुरता आहे. नववीला हमी संपते आणि बऱ्याच गावांत शाळाही संपते. यूडायसच्या, म्हणजे शाळांनी भरलेल्या माहितीच्या सरकारी नोंदणीच्या, २०२४-२५ च्या आकड्यांत मधल्या स्तरावर (सहावी ते आठवी) गळती ३.५ टक्के आहे, माध्यमिक स्तरावर ती ८.२ टक्क्यांवर जाते. त्या उडीत हायस्कूल किती लांब आहे याचा वाटा असतो, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांचा असतो, आणि गणितात कधीच मागे पडलेल्या मुलाच्या मनात बसलेल्या लाजेचाही असतो. या शेवटच्या गोष्टीला गरिबी म्हणत नाहीत. पण शिकवणी लावू शकणाऱ्या घरातलं मूल तिथून सावरतं आणि दुसरं सावरत नाही, एवढं तर दिसतंच.

६. शाळेत जवळपास सगळी मुलं जातात म्हणता, मग पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा का वाचता येत नाही?

दोन्ही खरं आहे. 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांना एक छोटा उतारा वाचायला देतं. २०२४ मध्ये ६ ते १४ वयोगटातल्या ९८.१ टक्के मुलांचं नाव शाळेत होतं, आणि पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना आला नाही.

कारणं अनेक सांगितली जातात. संशोधनात सर्वांत भक्कमपणे पुढे आलेलं कारण साधं आहे. शिक्षक पुस्तकाप्रमाणे पुढे जातात, मूल मागे राहतं, आणि मागे राहिलेल्याला धरून आणायची व्यवस्था वेळापत्रकात नसते. दुसरीत अक्षर सुटलं की तिसरीचं पुस्तक चित्रं बघण्यापुरतं उरतं. घरात वाचणारं कोणी असेल तर ते मूल संध्याकाळी सावरतं. पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या पिढीच्या घरात संध्याकाळी सावरणारं कोणी नसतं. गरिबी आणि न शिकणं यांची गाठ इथे पडते. शाळेच्या फाटकाशी ती पडत नाही, म्हणून वाढलेल्या पटाच्या आकड्याने ती सुटलीही नाही.

७. यूडायस, असर आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण यांत कोणता आकडा खरा मानायचा?

ज्याच्या पद्धतीला तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं तो.

यूडायसमध्ये माहिती शाळा भरते. शाळा किती, शिक्षक किती, संडास आहे का, पट किती, हे तिथून घ्यावं. २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची नोंद घ्यायला लागल्यावर देशाचा एकूण पट उतरला. २०२१-२२ मध्ये तो साधारण २६.५ कोटी होता, २०२३-२४ मध्ये २४.८ कोटी. लगेच "दीड कोटी मुलांनी शाळा सोडली" असं लिहिलं गेलं. त्यात दोन-दोन शाळांत असलेली नावं कमी होणं आणि मुळात मुलं कमी जन्मणं, दोन्ही मिसळलेलं आहे. पद्धत बदलली त्या वर्षाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच आलेखात जोडू नयेत.

असर घरी जातं, म्हणून शाळेबाहेरचं मूलही त्याला सापडतं. पण ते फक्त ग्रामीण आहे, आणि त्याची चाचणी मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. "माझ्या शाळेतली सगळी मुलं वाचतात, तर असर खोटं कसं नाही?" असं एका शिक्षकाने विचारलं होतं. खोटं नाही, कारण ते तुमच्या शाळेबद्दल काही म्हणतच नाही. जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं एवढ्यावरून जिल्ह्याचा अंदाज निघतो, गावाचा नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण खर्चासाठी सगळ्यात चांगलं. मुलाला काय येतं, ते त्यात तपासत नाहीत.

८. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं या आकड्यांत कुठे असतात?

नाव गावच्या शाळेत असतं आणि मूल उसाच्या फडात.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती एका कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. एकट्या पुरुषाला ती मिळत नाही. म्हणून आई जाते, आणि आई गेली की मूलही जातं. कारखान्याच्या तळावर, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामाच्या जागी, पाचटाची कोपी (झोपडी) असते. मोठी मुलगी धाकट्याला धरते, मुलगा वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधतो. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, त्यातले चार-पाच महिने असे जातात.

आता मोजणीचं बघा. शाळेच्या पटावर नाव आहे, म्हणजे यूडायसच्या दृष्टीने मूल शाळेत आहे. घरोघरच्या सर्वेक्षणात दाराला कुलूप दिसलं तर कार्यकर्ता नोंद करून पुढच्या घराकडे वळतो. नमुना पुरा होतो. ज्या घरांना कुलूप आहे ती इतर घरांसारखीच असती, तर फरक पडला नसता. पण हंगामात एका गल्लीतल्या ओळीने लागलेल्या कुलपांचं कारण एकच असतं. या मुलांबद्दल आपल्याला जे माहीत आहे, ते मोठ्या सर्वेक्षणांतून नाही, तर तळावर जाऊन बसलेल्या छोट्या अभ्यासांतून आणि मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकांकडून आलेलं आहे.

उपाय तीन प्रकारचे झाले. कारखान्याजवळ साखरशाळा, गावातच हंगामी वसतिगृह, आणि मूल जिथे जाईल तिथे दाखल व्हावं म्हणून शिक्षण हमी कार्ड. माझं मत हंगामी वसतिगृहाच्या बाजूने आहे. मूल आपल्या शाळेत, आपल्या बाईंकडे, आपल्या भाषेत राहतं. पण ते टोळी निघण्याच्या आधी सुरू व्हायला हवं. आई ट्रॅक्टरवर चढल्यानंतर महिन्याने वसतिगृह मंजूर झालं, तर तिने मूल कुणापाशी ठेवायचं? लहानग्याला सोडून आई जात नाही, म्हणून पाळणाघर तळावरच लागतं. सहावी-सातवीतल्या मुलीला गावात ठेवायची आईला भीती वाटते. ती भीती खरी असते. राहण्याची सुरक्षित जागा नसली की लवकर लग्न हाच उपाय दिसू लागतो. अलीकडे तालुक्याच्या ठिकाणी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली आहे. ती मोठ्या मुलांच्या कामाची. पहिली-दुसरीतल्या मुलाचा प्रश्न गावातच सोडवावा लागेल.

९. मग नेमकं काय उपयोगी पडतं, याचा काही पुरावा आहे का?

आहे, आणि त्यातला बराच भारतातला आहे. २००१ ते २००३ या काळात वडोदरा आणि मुंबईत महापालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या तिसरी-चौथीतल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुलींनी, बालसखींनी, रोज दोन तास वेगळं बसवून मुळाक्षरांपासून शिकवलं. कोणत्या वर्गांना बालसखी मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना स्वच्छ झाली. मुलं स्पष्टपणे पुढे गेली, आणि खर्च फार कमी होता. इयत्ता बाजूला ठेवून मुलाला जे येतं तिथून सुरू करायचं, ही पद्धत पुढे अनेक राज्यांत गेली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल मिळालं, त्यामागे अशाच प्रयोगांची परंपरा होती.

याच प्रयोगातली कमी सांगितली जाणारी बाजू अशी, की कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात फायदा बराच विरला. पूर्ण गेला नाही, पण विरला. शिकणं एकदा देऊन मोकळं होता येत नाही.

दुसरा प्रयोग उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात झाला. गावसभा घेऊन लोकांना शाळेची अवस्था आणि त्यांचे हक्क सांगितले. मुलांच्या वाचनावर काही परिणाम झाला नाही. गावातल्याच स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले, तिथे आलेली मुलं खरोखर शिकली. पण आली फार थोडी, शंभरात आठच्या आसपास. माझ्या मते शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक प्रशिक्षणात हा निष्कर्ष सांगायला हवा. लोकांना माहिती देणं गरजेचं आहेच, पण माहितीने मूल वाचायला शिकत नाही, आणि ऐच्छिक वर्गाला सगळ्यात मागे असलेलं मूल सहसा येत नाही.

१०. एका संस्थेने करून दाखवलं, तर सरकारने तेच राज्यभर का करू नये?

करावं, पण तोच परिणाम होईल असं धरून चालू नये. उदयपूरच्या भागात एका स्वयंसेवी संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत तारीख-वेळ उमटवणारा कॅमेरा दिला आणि पगार हजेरीला जोडला. शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. त्याच जिल्ह्यात सरकारी परिचारिकांच्या हजेरीसाठी तशीच योजना केली, ती काही महिने चालली. मग अधिकाऱ्यांनी सवलतीचे दिवस मंजूर करत नेले आणि दीड वर्षाच्या आत फरक उरला नाही. कल्पना तीच होती. तिच्या मागची कचेरी वेगळी होती.

११. पालकांच्या हातात पैसे दिले तर ते दारूत जातात. त्यापेक्षा वस्तू द्या, हे बरोबर ना?

दारूबद्दलची समजूत अभ्यासात टिकत नाही. डेव्हिड इव्हान्स आणि आना पोपोवा यांनी अनेक देशांतल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पैसे मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात दिसलं नाही. मेक्सिकोने १९९७ पासून मुलांच्या हजेरीशी जोडून आईच्या नावावर पैसे दिले, तिथे माध्यमिक शाळेतली मुलं वाढली, मुली जास्त.

तरीही कधी कधी वस्तूच चांगली ठरते. बिहारने २००६ मध्ये नववीत नाव घालणाऱ्या मुलीला सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि वाढ झाली ती मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा जास्त लांब असलेल्या गावांत. अडथळा अंतराचा होता आणि सायकलीने नेमका तोच काढला. शिवाय मुली एकत्र, उजेडात, घोळक्याने जाऊ लागल्या. एवढेच पैसे महिन्याच्या हप्त्याने मिळाले असते, तर ते तेल-मिठात गेले असते. त्यात चूक काही नाही, पण मुलगी नववीला पोचली नसती.

रक्कम ठरवताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते. महाराष्ट्राने १९९२ मध्ये अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया भत्ता सुरू केला. तेव्हा रुपयात वही यायची. रक्कम महागाईला जोडलेली नसेल, तर योजना कागदावर चालू राहते आणि तिचा अर्थ दरवर्षी थोडा थोडा कमी होत जातो.

१२. खिचडीमुळे मुलं शाळेत येतात, पण शिकत नाहीत. मग त्याचा काय उपयोग?

जेवण हे शिकवण्याचं साधन नाही, जेवणच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला, तो भुकेच्या खटल्यात. शिवाय परिणाम लांबवर जातो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहानपणी ज्या मुलींना शाळेत जेवण मिळालं होतं, त्यांच्या पुढच्या पिढीतल्या मुलांची वाढ कमी खुंटलेली आढळली. वाचन सुधारायला प्रश्न ९ मधले उपाय लागतात.

१३. पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घातलं. निर्णय चुकला का?

चुकला असं मी म्हणणार नाही. प्रत्येक घराचा हिशोब वेगळा असतो. संशोधन एवढंच सांगतं की खासगी शाळेतल्या मुलांचे जास्त गुण बघून शाळेला सगळं श्रेय देऊ नये, कारण तिथे जाणारी मुलं मुळातच थोड्या बऱ्या घरांतली असतात. आंध्र प्रदेशात सोडतीने काही मुलांना खासगी शाळेची फी देण्यात आली आणि चार वर्षांनी तुलना केली. तेलुगू आणि गणितात ती सरकारी शाळेतल्या मुलांइतकीच होती, हिंदीत पुढे होती, कारण तिथे हिंदीला तास जास्त होते. खासगी शाळांचा मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळेच्या साधारण एक तृतीयांश होता, मुख्यतः शिक्षकांचे पगार कमी म्हणून.

फीसाठी कर्ज काढावं लागत असेल, तर आधी शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन दुसरीच्या वर्गातल्या मुलांना वाचायला लावून बघा. तेच त्या खासगी शाळेतही करून बघा.

१४. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांमुळे श्रीमंत मुलांचं नुकसान होतं का? आणि महाराष्ट्रात नियम बदलला होता, त्याचं काय झालं?

दिल्लीतल्या महागड्या शाळांमध्ये अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी हे तपासलं. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, त्यांच्यासोबत खेळायला आणि गटात राहायला तयार झाली. हिंदी आणि गणितात फरक पडला नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली. गरीब मुलांना स्वतःला काय मिळालं, हा या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे त्याचा आधार घेऊन "कायद्याने गरिबी हटली" असं कोणी म्हणू नये.

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलले. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागांतून सूट मिळणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयात तो निकाल टिकला.

१५. मुलगा बाजारात तोंडी हिशोब चुकत नाही, शाळेत गणितात नापास. त्याला गणित येतं की नाही?

येतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या १,४३६ मुलांना तपासलं. आठशे ग्रॅम बटाट्यांचे पैसे ती कागदाशिवाय अचूक सांगत, पण तोच हिशोब पुस्तकातल्या रूपात दिला की अडत. काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं उलट होतं. पुस्तकी गणित त्यांना बरं जमे, बाजारातला व्यवहार जमत नसे. गरीब मुलाकडे ज्ञान असतं, पण परीक्षा ते ओळखत नाही. असरसारख्या चाचण्यांचीही ही मर्यादा आहे, आणि आकडा वाचताना ती लक्षात ठेवली पाहिजे.

१६. शिकून नोकरी लागत नाही. मग शिक्षणाने गरिबी जाते, हे कशावरून?

पदवीधरांमधली बेकारी न शिकलेल्यांपेक्षा जास्त दिसते, हे खरं आहे. त्याचं एक कारण असं की गरीब माणसाला बेकार बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो आणि आकड्यात रोजगार मिळालेला ठरतो. दुसरं कारण जास्त बोचरं आहे. काम नसेल तर शिक्षणाची ओढही आटते. दिल्लीच्या आसपासच्या काही खेड्यांत रॉबर्ट जेन्सन यांनी कॉल सेंटरसाठी तरुणींची भरती कशी होते याची माहिती आणि मदत पोचवली. तिथल्या मुलींची लग्नं लांबली आणि लहान मुलींचं शाळेत जाणं वाढलं. शाळेत काहीच बदललं नव्हतं, पुढे काम दिसू लागलं होतं. म्हणून रोजगाराचा प्रश्न शिक्षण विभागाचा नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

१७. सक्तीचं शिक्षण, गरिबांसाठी खर्च, ही सगळी परदेशी संस्थांची भाषा नाही का?

नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे सांगितलं होतं की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, ही त्यांची मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. खर्च कोणाकडून घेतो आणि कोणावर करतो, हा फुल्यांचा प्रश्न आजच्या कोणत्याही अर्थसंकल्पाला जसाच्या तसा लावता येतो.

१८. मला एम.एस.डब्ल्यू.च्या प्रबंधासाठी दोन गावांत सर्वेक्षण करायचं आहे. काय सांभाळू?

"मूल शाळेत जातं का?" असं विचारू नका. उत्तर "हो" येतं. "काल शाळा होती का? काल गेलं होतं का? नाही तर का?" असं विचारा. उत्पन्न विचारू नका, लोक घाबरतात किंवा योजना मिळेल म्हणून कमी सांगतात. खर्च विचारा. मुलाला वाचायला लावणार असाल, तर आई-वडिलांची परवानगी घ्या, मुलालाही विचारा, आणि चारचौघांत चाचणी घेऊ नका. अडलेलं मूल शेजाऱ्यांसमोर हिरमुसलं, तर ते नुकसान तुमच्या प्रबंधापेक्षा मोठं आहे.

दोन गावांवरून जिल्ह्याबद्दल बोलू नका. तुम्ही कोणत्या महिन्यात गेलात ते लिहा, आणि कुलूप लागलेली घरं मोजून त्यांचा आकडा मुख्य तक्त्यात टाका, तळटीपेत नाही. जमलं तर चैत्रात परत जाऊन तीच दारं पुन्हा वाजवा.

१९. आम्ही कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात आलो. जन्मदाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही, जानेवारी उजाडला. शाळा मुलाचं नाव घेत नाही. काय करायचं?

६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेने घ्यायलाच हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी ते नाकारण्याचं कारण होत नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू होऊन गेलं असलं तरी प्रवेश मिळतो. मूल आधी कधीच शाळेत गेलं नसेल, तर कलम ४ प्रमाणे त्याला वयानुसारच्या वर्गात बसवायचं आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी वेगळं शिकवायचं, ही शाळेची जबाबदारी आहे.

अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहा. मुलाचं नाव, अंदाजे वय, आत्ता राहता ती जागा आणि वरची कलमं लिहा. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. मुख्याध्यापक पोच देत नसतील, तर अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, तिथे आवक-जावक नोंद होते. दाखला मागवण्याचं काम नव्या शाळेने जुन्या शाळेला पत्र लिहून करायचं असतं, त्यासाठी मजुरी बुडवून तुम्ही गावी जायची गरज नाही. आणि अर्ज दिला त्या दिवसापासून मुलाला वर्गात बसवा.